पाण्याने सुकलेले झाड

कुंडीतले झाड मान टाकू लागले की आपला हात पहिल्यांदा तांब्याकडे जातो. पाने पिवळी पडली, घाला पाणी. पाने गळली, घाला पाणी. चार दिवस गावाला जायचे आहे, तर जाताना जास्तीचे घालून ठेवा. झाड सुकते ते पाण्यावाचून, ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी हंडाभर पाण्यासाठी मैलोन्‌मैल पायपीट केली, त्या आपल्यासारख्यांना तर पाणी जास्त होऊ शकते हेच पटत नाही. पण पाण्यानेही झाड सुकते. विशेषतः हल्ली घरोघरी आणि कचेऱ्यांतून दिसणारी जाड पानांची झाडे, ज्यांना नर्सरीवाले ‘सक्युलंट’ म्हणतात, ती तहानेपेक्षा पाण्यानेच अधिक दगावतात. हे आम्हाला कसे कळले आणि अशा झाडाचे पुढे काय करता येते, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो तेव्हापासून जमाखर्चाशी गाठ पडली ती आजतागायत. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम असते. झाडांशी आमचा संबंध म्हणाल तर अभ्यासिकेच्या दारातला कडुनिंब, एवढाच. कल्याणजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात २०२४ च्या जुलैपर्यंत एकही कुंडी नव्हती.

आमच्या कार्यालयात खालच्या मजल्यावर एक भगिनी आहेत. पती वारल्यानंतर २०१७ साली त्या अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागल्या. पहिला पगार झाला त्या दिवशी स्टेशनबाहेरच्या नर्सरीवाल्याकडून त्यांनी एक लहानसे रोप घेतले आणि आपल्या टेबलाजवळच्या खिडकीत ठेवले. नखाएवढी गोल, जाड, हिरवी पाने आणि तांबूस खोड. नर्सरीवाल्याने नाव सांगितले ‘जेड’. सात वर्षांत ते वीतभर उंच आणि चांगले डेरेदार झाले होते. ‘हे आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो,’ असे त्या हसून सांगत. पाणी घालायचा त्यांचा नेमही ठरलेला होता. एकदा पगाराच्या दिवशी, एकदा महिन्याच्या मध्यावर. बस्स.

२०२४ च्या मे महिन्यात त्यांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दीर्घ रजेवर जावे लागले. त्यांच्या माघारी सर्वांनी त्या झाडाची फार काळजी घेतली, आणि तिथेच घात झाला. कुणीतरी हौसेने मातीची जुनी कुंडी काढून झाड चकचकीत चिनी मातीच्या कुंडीत लावले. तिला तळाला भोक नव्हते. उलट, आता टेबलावर पाणी गळत नाही म्हणून सगळे खूश झाले. शोभा दिसावी म्हणून ते खिडकीतून काढून दर्शनी टेबलावर, ट्यूबलाइटखाली आणले गेले. आणि रोज संध्याकाळी घरी निघताना जो तो आपल्या बाटलीतले उरलेले पाणी त्या कुंडीत ओतू लागला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. ‘ताईंचे झाड आहे, सुकायला नको,’ एवढीच प्रत्येकाची भावना.

जुलैत आम्ही एका फाइलसाठी खाली गेलो तेव्हा ते झाड पाहिले. निम्मी पाने गळून पडलेली. उरलेली पिवळी आणि पाणी भरल्यासारखी पारदर्शक. बोट लागताच टपकन गळत होती. त्याच वेळी ताईंचा फोन आला. ‘माझं झाड कसं आहे?’ त्यांनी विचारले. ‘एकदम मस्त!’ असे उत्तर दिले गेले. आजारी माणसाला दुःख होऊ नये म्हणूनच ते दिले गेले, हे खरे. पण आमच्या मनाला ते बरे वाटले नाही. त्या संध्याकाळी सर्वांना विचारून आम्ही ती कुंडी पिशवीत घालून लोकलने घरी आणली.

आता घरी आणली खरी, पण करायचे काय? इथे आमच्या आई कामास आल्या. आई मूळ मराठवाड्यातल्या. उभे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केलेली. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली. शहरात आल्यापासून ‘आता इथे माझं काय काम?’ असे त्यांना सतत वाटत असते. ‘सक्युलंट’ हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. पण त्यांनी कुंडीत बोट घातले, बोट नाकाशी नेले आणि म्हणाल्या, ‘ह्याला वाफसाच नाही. चिखलात कुणी झाड जगवतं का? कुजलंय ते खालून.’

वाफसा! शेतात राबलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाऊस पडून गेला की लगेच पेरत नाहीत. वाफसा येऊ देतात. मूठभर माती घेऊन दाबायची. तिचा गोळा होऊन हाताला चिकटला तर वाफसा नाही. दाबलेला गोळा बोटाने टिचकी मारताच भुरभुरला तर वाफसा आला. म्हणजे काय, तर जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे. मातीचे कण दिसायला एकमेकांना चिकटलेले दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत थोडे पाणी, थोडी हवा अशी वाटणी असली म्हणजे मूळ सुखी. कारण मुळालाही श्वास लागतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळापर्यंत पोहोचत नाही. हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मूळ गुदमरते, मरते आणि मग ओल्या मातीत वाढणारे बुरशीसारखे सूक्ष्म जीव त्याला कुजवत वर खोडापर्यंत चढतात.

यात फसगत अशी होते की, मूळ मेल्यावर झाडाला पाणी ओढताच येत नाही. मग पाण्यात उभे असूनही ते तहानल्यासारखे मान टाकते. पाहणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी घालतो. म्हणून झाडाची तहान आणि झाडाची कुजणी यांतला फरक प्रत्येक नवशिक्याने आधी ओळखायला शिकले पाहिजे. तहानलेल्या झाडाची पाने बारीक होतात, त्यांना सुरकुत्या पडतात, पण ती देठाला घट्ट धरून असतात. माती कोरडी आणि कुंडी उचलायला हलकी लागते. पाण्याने बिघडलेल्या झाडाची पाने पिवळी, काचेसारखी आणि लिबलिबीत होतात, धक्का लागताच गळतात. माती ओली, कुंडी जड, आणि खोडाचा बुंधा दाबला तर मऊ लागतो, पुढे काळा पडतो. आमच्याकडच्या झाडात ही दुसरी सगळी लक्षणे होती.

या झाडांना इतके कमी पाणी का पुरते, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात, आणि त्याच वाटेने त्यांचे पाणी उडून जाते. जाड पानांच्या पुष्कळ झाडांनी यावर युक्ती काढली आहे. ती रात्रीच्या गारव्यात छिद्रे उघडतात, हवेतला कर्ब वायू आम्लाच्या रूपाने पानात साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून, त्या साठ्यावर उन्हात आपले अन्न शिजवतात. आपल्याकडची पानफुटी सर्वांना माहीत आहे. पान मातीवर टाकले की कडांना रोपे फुटतात ती. तिचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा ओसरतो, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी भारतातच चाखून पाहिले. त्यांचे ते निरीक्षण १८१५ साली लंडनमध्ये छापून आले. रात्री साठलेल्या आम्लाची ती चव होती. अशा काटकसरी झाडाला रोज बाटली-बाटली पाणी पाजणे म्हणजे अर्धपोट जेवणाऱ्याला रोज जबरदस्तीने पंगतीला बसवणे होय.

आमच्या हाती आलेले झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. आपल्याकडे ‘जेड’ या नावाने दोन झाडे विकली जातात. एकाची पाने मोठी, त्याचे शास्त्रीय नाव क्रासुला ओव्हाटा. दुसरे लहान पानांचे, पोर्टुलॅकारिया आफ्रा. आमचे हे दुसरे. आपल्या घोळीच्या भाजीच्या दूरच्या नात्यातले म्हणायला हरकत नाही. त्या देशाच्या पूर्व केप प्रांतात त्याची रानेच्या राने आहेत आणि ते हत्तींचे आवडते खाद्य आहे. अ‍ॅडो येथे हत्तींसाठी १९३१ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तिथले हत्तीही हेच खातात. हत्ती खाताना फांद्या मोडतात, त्या जमिनीवर पडतात आणि पडलेल्या फांदीला पुन्हा मुळे फुटतात. हे वाचले तेव्हा आमच्या जिवात जीव आला. मोडलेली फांदी जगते, तर आपल्यालाही काही करता येईल.

आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि कुंडी उलटी केली. तळाशी दोन बोटे पाणी साचलेले होते. गटाराच्या गाळासारखा वास सुटला. निरोगी मुळे फिक्या रंगाची आणि टणक असतात. इथे तर सगळी काळी-तपकिरी, ओढली की वरची साल निसटून आत दोऱ्यासारखा तंतू उरत होता. दाढीचे नवे पाते स्पिरिटने पुसून घेतले आणि खोड बुंध्यापासून वर कापत गेलो. पहिल्या कापात आत सगळे तपकिरी. दर वेळी पाते पुन्हा पुसायचे, नाही तर सड वर चढते. दुसऱ्या कापात मधोमध तपकिरी ठिपका. तिसऱ्या कापातही तो होताच. याचा अर्थ, मुख्य खोड गेले होते. वरच्या बाजूच्या पाच फांद्यांचा काप मात्र स्वच्छ, हिरवट-पांढरा निघाला. चार-चार बोटे लांबीच्या त्या पाच फांद्या, एवढीच सात वर्षांच्या झाडाची शिल्लक.

त्या रात्री आम्ही ताईंना फोन केला. आजारी माणसाला असे सांगावे की नाही, यावर घरात चर्चा झाली. आई म्हणाल्या, ‘झाड तिचं आहे. तिला कळायला पाहिजे.’ म्हणून स्पष्टच सांगितले की, मूळ झाड गेले, पाच फांद्या निघाल्या आहेत, जगतील की नाही सांगता येत नाही. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला वाटलंच होतं. सगळे मस्त मस्त म्हणत होते ना, तेव्हाच वाटलं होतं.’ आणि थोड्या वेळाने, ‘जगलं तर एक मला ठेवा.’

फांद्या लगेच मातीत लावायच्या नाहीत, हा यातला मुख्य नियम. कापलेला भाग ओला असताना मातीत गेला की तिथूनच पुन्हा सड लागते. खालची पाने काढून फांद्या सावलीत, वाऱ्याला नुसत्या ठेवून द्याव्या, म्हणजे जखमेवर खपली धरते. कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. जुलैच्या दमट हवेत आम्ही आठ दिवस ठेवल्या. कपाटावर वर्तमानपत्रावर पडलेल्या त्या फांद्या पाहून शेजारच्या मुलांनी ‘यांना पाणी का नाही देत?’ म्हणून रोज विचारले.

तेवढ्यात मातीची तयारी केली. कुंडी मातीची, भाजलेली, तळाला भोक असलेली. अशा कुंडीच्या अंगातूनही ओल उडून जाते. एक भाग साधी माती, एक भाग चाळून धुतलेली जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे, वर मूठभर जुने शेणखत. समुद्राची वाळू घेऊ नये, ती खारट असते. भोकावर फक्त एक खापरीचा तुकडा, माती वाहून जाऊ नये म्हणून. पुष्कळ जण तळाला खड्यांचा जाड थर देतात आणि निर्धास्त होतात. त्याने पाणी लवकर निघत नाही. ओला स्पंज खड्यांवर ठेवला तरी त्याच्यातले सगळे पाणी खाली टपकत नाही, तसेच बारीक मातीचे आहे. ती पुरती भरेपर्यंत पाणी धरूनच ठेवते. थर दिल्याने ती ओली माती उलट मुळांच्या जवळ येते. निचरा हवा तो सबंध मातीत हवा. आमच्या हिशेबी भाषेत सांगायचे तर भोक नसलेली कुंडी म्हणजे ज्या वहीला जमेचीच बाजू आहे, खर्चाची बाजूच नाही अशी वही. तिचा ताळा कधी जमायचा?

फांद्या लावल्या, आणि पुढचे आठ दिवस पाण्याचा थेंब घातला नाही. नंतर अगदी बेताने. उजेड भरपूर, पण थेट ऊन एकदम नाही. तरी श्रावणातल्या सर्द हवेत दोन फांद्या गेल्या. बुंध्याशी काळ्या पडताच काढून टाकल्या. ऑगस्टच्या अखेरीस उरलेल्या तिन्ही फांद्या हलकेच ओढून पाहिल्या तर त्या मातीत घट्ट बसल्या होत्या. म्हणजे मुळे धरली. सप्टेंबरच्या मध्यावर एका फांदीच्या टोकाला तांदळाच्या कण्यांएवढी दोन पाने आली. आईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिली आणि मग शेजारणींना बोलावून दाखवली.

पाण्याचा वार ठरवू नये, हेही आईंनीच शिकवले. खराट्याचा एक हीर कुंडीच्या काठाशी तळापर्यंत खुपसायचा, थोड्या वेळाने काढून पाहायचा. ओलसर असला, माती चिकटली तर पाणी नाही. स्वच्छ कोरडा निघाला की पाणी घालायचे, आणि मग चमचाभर नव्हे तर भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचे, बशीत उतरलेले ओतून द्यायचे. आम्ही सवयीप्रमाणे एक वही केली आणि तारीखवार नोंदी ठेवल्या. पावसाळ्यात आमच्या खिडकीत तीन-तीन आठवडे हीर ओला निघाला. मे महिन्यात आठ दिवसांत कोरडा झाला. तुमच्या घरचा हिशेब वेगळा येईल, कारण ऊन, वारा, कुंडी सगळेच वेगळे. म्हणून दुसऱ्याचे वेळापत्रक उपयोगाचे नाही, आपला हीर पाहावा.

ताई नोव्हेंबरात कामावर रुजू झाल्या. त्यांना फाइल उचलू देत नव्हते, जिना चढू देत नव्हते, चहासुद्धा जागेवर आणून देत होते. आठ दिवसांनी त्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘माझं आवक-जावक रजिस्टर मला परत द्या. जड काही उचलणार नाही, पण नुसती बसवून ठेवू नका.’ रजिस्टर त्यांना मिळाले. तिन्हींतले एक झाडही मिळाले. ते पुन्हा मातीच्या कुंडीत, पुन्हा खिडकीत आहे, आणि त्याच्या पाण्याचे दिवस पुन्हा त्यांच्याकडे आहेत. जुन्या डेरेदार झाडाची सर त्याला अजून आलेली नाही. ती यायला वर्षे लागतील.

माया वाईट नाही. पण जो तो आपापल्या मायेने ओतत राहतो आणि ज्याच्यावर ओततो त्याला काय पाहिजे हे कुणी विचारत नाही, तेव्हा ती चिखल करते. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात असे एखादे झाड मलूल झाले असेल तर आधी मातीत बोट घाला, बुंधा दाबून पाहा, कुंडी उलटी करून भोक आहे का ते बघा. मुळे थोडीच काळी असतील तर ती कापून, झाड चार-सहा दिवस सावलीत सुकवून नव्या कोरड्या मातीत लावा. बुंधा गेला असेल तर शेंड्याकडून स्वच्छ फांदी मिळते का पाहा. आणि घरात शेतात राबलेले कुणी म्हातारे माणूस असेल तर कुंडी आधी त्यांच्यापुढे ठेवा. नर्सरीत पैसे देऊन मिळणार नाही असे ज्ञान त्यांच्या बोटांत असते.

दुसरे झाड आमच्या घरी आईंच्या ताब्यात आहे. तिसरे वस्तीतल्या अभ्यासिकेच्या खिडकीत ठेवले आहे. तिथली मुले रोज पाणी घालायला उत्सुक असतात. त्यांना आम्ही मना केलेली नाही. कुंडीशेजारी एक हीर ठेवला आहे आणि एवढाच नियम केला आहे की, ज्याला पाणी घालायचे असेल त्याने आधी हीर खुपसून सर्वांना दाखवावा.